दगडांचा वॉर्ड

मागच्या सोमवारी दुकानात एक नवराबायको आले. संभाजीनगरहून मोटारसायकलवर आलेले, भुवयांपर्यंत धूळ. मला वाटलं, आधार कार्डाची झेरॉक्स काढायची असेल. माझ्या दुकानात माणूस दुसऱ्या कशाला येणार? पण त्यानं काउंटरवर पिशवी ठेवली आणि ती अशी काही आदळली की काचेखालचे पेन उड्या मारायला लागले. पिशवीत दगड होते.

"भोकरदनमध्ये दगड तपासून देणाऱ्या एक सिस्टर आहेत म्हणे," तो म्हणाला. "माशांच्या टँकमध्ये घालायचे आहेत. त्या कुठं राहतात?"

माझी छाती उगाचच फुगली. संभाजीनगरात काय मिळत नाही? तिथून माणसं दगड घेऊन आमच्या गावात येतात, ती आमच्या सिस्टरांचं नाव ऐकून. "शेजारचंच घर," मी म्हटलं, "पण आता कुलूप असतं. नाशिकला लेकीकडं असतात त्या." दोघांचे चेहरे पडले. मग त्यांना चहा पाजला आणि मला जमले तेवढे दगड पाहून दिले. दोन बाद केले. ते दोघं गेले, पण प्रयाग सिस्टर काही तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत.

प्रयाग सिस्टर मूळच्या धावड्याच्या. नोकरी मात्र बहुतेक सगळी भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात, त्यातही ड्रेसिंगच्या खोलीत. त्यांच्या घराची आणि माझ्या दुकानाची भिंत एकच, त्यामुळे त्यांचा आवाज मला पंख्याच्या आवाजाइतका ओळखीचा. उंच, काळ्यासावळ्या, ताठ. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. निवृत्त झाल्या तरी पहाटे उठून, अंबाड्याला जाळी लावून, ड्युटीला निघाल्यासारख्या तयार होऊन बसायच्या. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, आणि धुतल्यावर ते वर धरून पाणी निथळू द्यायच्या. अशा वेळी दारात कोणी आलं तर त्याला वाटायचं, बाई आपल्याला थांबा म्हणतायत.

बोलणं सगळं दवाखान्याचं. दूध नासलं की "एक्स्पायर झालं." मेथीवालीला म्हणायच्या, "ही जुडी कालची ॲडमिट दिसून राह्यली, आजची काढ." माझ्या दुकानातलं झेरॉक्स मशीन अडकायला लागलं तेव्हा त्यांनी एकदा झाकण उघडून आत पाहिलं आणि निदान केलं, "बद्धकोष्ठ." मेकॅनिकनं त्यातून मूठभर कागदाचे बोळे काढले. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्याकडं नव्हती. "माझ्या हातची जखम कधी चिघळली न्हाई," हे वाक्य त्या कुणालाही, कधीही, न विचारता ऐकवायच्या. आणि खोटं काय होतं त्यात? गावात म्हणायचेच, सिस्टरांच्या हाताला गुण आहे. माझ्या वडिलांना शुगर होती. पायाला ठेच लागली, ती बरी होईना. शहरातल्या डॉक्टरनं अंगठा काढावा लागेल म्हणून सांगितलं. वडील रडत दवाखान्यात गेले, तर सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, पायाचं मी बघते. तुम्ही फकस्त तोंडाचं बघा. पेढा खाल्लेला दिसला तर ह्या पायाला मी हात लावणार न्हाई." रोज पट्टी, रोज बोलणी. अंगठा राहिला. वडील शेवटपर्यंत त्या अंगठ्याकडं बोट दाखवून सांगायचे, हा प्रयागचा आहे.

अशी बाई रिकामी बसणार कशी? निवृत्तीनंतर लेकीला, मंगलला, आईची काळजी लागली. सिस्टरांचे मालक तर कधीच वारलेले. तिनं नाशिकहून येताना माशांची काचेची पेटी आणली, सोबत सोनेरी मासे आणि रंगीत खड्यांचं पाकीट. "आई, घरात काहीतरी हलतं-बोलतं पाहिजे." सिस्टर म्हणाल्या, "हालतेत तं खरं. बोलतेत कुठं?" खड्यांचं पाकीट त्यांनी उघडलं, लाल-हिरवे-पिवळे खडे तळहातावर घेतले आणि मला हाक मारली. "सुभाष, हे बघ. मासे ठिवायचे का जेवल्यावर बडीशेप वाटायची?"

ते पाकीट गेलं कचऱ्यात. सिस्टर नदीच्या पात्रात गेल्या आणि आपल्या हातानं चांगले काळे दगड निवडून आणले. आणि मग त्यांनी ते केलं जे फक्त एक ड्रेसिंगची सिस्टरच करू शकते. दगड ब्रशनं घासले, जंतुनाशकाच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवले, चिमट्यानं उचलून एकेक धुतला आणि पेटीत मांडला. खोलीला ऑपरेशन थिएटरचा वास येत होता. मला बोलावून म्हणाल्या, "बघ, ह्या दगडावर आता एक जंतू सापडला तर नाव बदलीन."

जंतू सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

गल्लीला विषयच मिळाला. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं एकच, सिस्टरांच्या हातचे पेशंट गेले म्हणे. त्यात दुष्टपणा नव्हता. गावात रोज काही घडत नाही, मग माणसं जे मिळेल ते चघळतात. मीही दोनचारदा हसलो असेन. पण त्या संध्याकाळी सिस्टर दुकानात आल्या, बाकावर बसल्या, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"सुभाष, माझ्या हाताचा गुण गेला का रे?"

"मासेच होते सिस्टर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गिऱ्हाईक नसताना मशीन चालू केलं. तेव्हा मला कळलं की ही गोष्ट माशांची नव्हतीच. नोकरी गेली, खोली गेली, युनिफॉर्म गेला. उरलं होतं ते हातांचं नाव. आणि तेवढं एकच राखायचं होतं त्यांना.

बसस्टँडजवळ रशीदभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत ते मासे ठेवतात आणि विकतात. सिस्टर तिथं गेल्या त्या शिकायला नाही, भांडायला. मंगलनं मासे नाशिकहून आणलेले होते, म्हणजे रशीदभाईंचा काडीचा संबंध नव्हता, पण गावात माशांचा जाणकार तो एकच, तर भांडण त्याच्याशीच. मी सोबत गेलो होतो, मध्ये पडायला.

रशीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सिस्टर, बुरा मत मानो," ते म्हणाले. "मछली जिससे साँस लेती वो गलफडा खुली जखम के माफिक रहता. आप खुली जखम पे फिनाइल डालते क्या?"

"बिलकुल न्हाई."

"और पत्थर पानी पीता. आपने रातभर उसको दवा पिलाई. उसने वो दवा टँक में छोड दी. धोने से ऊपर का गया, अंदर का नहीं गया."

सिस्टर म्हणाल्या, "म्हंजे साबण बी न्हाई?"

"साबण भी नहीं. सिर्फ पानी और ब्रश. नया ब्रश."

"आन् जंतू?"

"गरम पानी."

एवढ्यावर सिस्टर उठल्या. रशीदभाई मागून काहीतरी सांगत होते, पण गरम पाणी म्हटल्यावर सिस्टरांना पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. सगळी हयात उकळलेल्या पाण्यात गेली होती त्यांची.

दोन दिवसांनी मी दुकानात बसलो असताना भिंतीपलीकडं धडाम असा आवाज झाला. मला वाटलं, सिलिंडर गेला. पळत गेलो तर सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, गॅस बंद केलेला, पातेल्यातलं पाणी ओट्यावर, आणि समोरच्या कॅलेंडरमध्ये दगडाची कपची घुसलेली, बरोबर गणपतीच्या शेजारी. त्यांनी दगड पातेल्यात घालून, खाली जाळ मोठा करून, वर झाकण ठेवून खदखदा उकळले होते. एका दगडाच्या पोटात ओल होती, ती तापली आणि दगड फुटला.

"लागलं तर नाही ना सिस्टर?"

"मला काय होतंय? त्याचं पोट फुटलं." त्यांनी तुकडा उचलून उजेडात धरला. आत पांढरे स्फटिक चमकत होते. "अशी जागा असतीय बघ पोटात. वरून कळत न्हाई. अपेंडिक्स."

पण त्या संध्याकाळी त्या पुन्हा रशीदभाईंकडं गेल्या. ह्या वेळी बाकावर बसून, सगळं पुरतं ऐकून आल्या. दगड कधी विस्तवावर ठेवायचा नाही, पाण्यासकट उकळायचा नाही. तो आधी घासायचा, परातीत ठेवून वरून कढत पाणी ओतायचं, आपोआप निवू द्यायचं आणि मग साध्या पाण्यात भिजत घालून पाणी बदलत राहायचं. ही शिकवणी मला त्यांनी इतक्यांदा ऐकवली की मी झोपेतही म्हणू शकेन.

तिथून सुरू झाला दगडांचा वॉर्ड. अंगणात भिंतीच्या कडेनं बादल्यांची रांग, प्रत्येक बादलीत दगड, आणि प्रत्येक कडीला पट्टीचं कापड बांधलेलं. पांढरी पट्टी म्हणजे नवीन भरती. लाल म्हणजे संशयित. हिरवी पट्टी लागली की डिस्चार्ज. सकाळी राउंड व्हायचा. सिस्टर बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन वास घ्यायच्या, बोट फिरवून बुळबुळीत लागतं का पाहायच्या, पाणी तपासायची कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायच्या. "ह्याची तब्येत सुधारून राह्यली," म्हणायच्या, नाहीतर "ह्याला आणखी ठिवावं लागंल." शेजारची पोरं कुंपणावरून विचारायची, "सिस्टर, त्याला काय झालंय?" आणि सिस्टर गंभीरपणे सांगायच्या.

दगड पारखण्यात तर त्यांनी हद्द केली. चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरची बाटली आणली. दगड कोरडा करायचा, थेंब टाकायचा आणि चष्मा लावून बघायचं. फसफसला की बाद, म्हणजे त्यात चुना आहे, तो पाण्यात उतरत राहणार आणि पाणी जड करणार. आमच्या काळ्या दगडाच्या पोटातल्या पांढऱ्या गारा फसव्या असतात, एक फसफसते, दुसरी ढिम्म. म्हणून सिस्टर एका दगडाला चारपाच ठिकाणी थेंब टाकायच्या. हातात चुरा राहणारा मुरूम बाद. गंजासारखे तांबडे डाग असलेला किंवा धातूसारखा चकाकणारा बाद. धार असली तर कानशीनं घासून बोथट करायचा, कारण "मासा काय अंगात कापडं घालून फिरत न्हाई."

एकदा त्यांना घेऊन मी स्कूटरवर केदारखेड्याला गेलो, नदीच्या पात्रात. उन्हाळ्याचे दिवस, पाणी एका कडेला सरकलेलं. सिस्टर पदर खोचून दगडांत शिरल्या. एक उचलायचा, दुसऱ्यावर हलकेच आपटायचा, कान द्यायचा. टणटणीत वाजला तर पिशवीत, भद्द वाजला तर परत जागेवर. जागेवर म्हणजे जिथून उचलला तिथंच, पालथा होता तर पालथा. मी कंटाळून म्हटलं, "सिस्टर, टाका की कुठंही." तर म्हणाल्या, "त्याच्याखाली किडामुंगीचं घर आसंल. पेशंट नापास झाला म्हणून त्याचा पलंग फेकतो का आपण?"

पलीकडं कपडे धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "बाई, चटणी वाटायला नेता का?"

"न्हाई, मासे ठिवायला."

ती बाई पदरात तोंड घालून हसली. "मासे तं पाण्यात ऱ्हातेत ना वं!"

सिस्टरही हसल्या. येताना मागच्या सीटवरून मला म्हणाल्या, "आपला काळा दगड लई इमानदार हाय बघ. चांगला निघाला तर पाण्यात काहीच सोडत न्हाई. घेत बी न्हाई, देत बी न्हाई." हे त्यांनी अशा काही तोऱ्यात सांगितलं, जणू दगड धावड्याच्या माहेरचा.

दुसऱ्या खेपेला मासे जगले. सिस्टरांनी ते गावाला सांगितलं नाही, आणि त्यातच मला सगळं कळलं. त्यांचा विश्वास बसायचा होता. एकदा जगले म्हणजे हाताचं नाव परत आलं असं त्या मानायला तयार नव्हत्या. पण हळूहळू लोकांच्या पिशव्या यायला लागल्या. कुणाच्या घरी लेकरानं हट्ट धरून पेटी घेतलेली, कुणाच्या दुकानात शोभेला ठेवलेली. सिस्टर घ्यायच्या, पण घाई चालायची नाही. "जल्दी आसंल तर प्लास्टिकचे घ्या. हितं ओळख चालत न्हाई, पाळी चालती."

खरी परीक्षा आली ती दवाखान्यातून. तिथं नव्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. लसीकरणाच्या दिवशी व्हरांड्यात लेकरांचा जो गोंधळ उडतो तो त्यांना सोसवेना. लसीच्या खोलीत माशांची मोठी पेटी ठेवली तर लेकरांचं चित्त तिकडं लागेल, असं त्यांच्या मनात आलं. पेटीला पैसे केदारखेड्याचे भाऊसाहेब देणार, वारलेल्या आईच्या नावानं. आणि आतलं सगळं प्रयाग सिस्टर करणार.

सिस्टरांना आनंद झाला का? झाला, पण त्याहून भीती वाटली. माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "घरात मेले तर गल्ली हासती. तितं मेले तर सगळा तालुका बघन. लस द्यायच्या खोलीत मेलेला मासा, आन् ठिवला कोणी, तर प्रयागनी." मी म्हटलं, नाही म्हणून सांगा. तर उसळल्या. "काहून न्हाई म्हणू? ते माझं घर हाय."

पूर्ण उन्हाळाभर वॉर्ड चालला. उद्घाटनाची तारीख ठरली. आणि त्याच्या आधी भाऊसाहेब स्वतः जीपमधून आले. सोबत गडी, गड्याच्या डोक्यावर पोत्यात गुंडाळलेला एक दगड. भाऊसाहेब म्हणजे मोठं प्रस्थ, बोलणं गोड पण नाही ऐकायची सवय नाही. त्यांच्या मळ्यातला बांध जेसीबीनं सरळ करताना हा दगड निघाला होता. गुळगुळीत, अंडाकृती, मधोमध ठेवला तर पेटी उठून दिसेल असा. गड्यांनी तो कपडे धुवायच्या पावडरनं चकचकीत करून आणला होता.

"सिस्टर, हा मधी ठिवायचा," भाऊसाहेब म्हणाले. "आईच्या नावाची पेटी, आईच्या मळ्यातला दगड. बराबर हाय ना?"

"ठिवून जा. बघते."

"बघायचं काय त्याच्यात?"

"सगळ्याचं बघते तेच."

चार दिवसांनी भाऊसाहेब परत आले, ह्या वेळी डॉक्टर मॅडमना घेऊन. दगडाच्या बादलीला लाल पट्टी होती. मी दुकान सोडून दारात येऊन उभा राहिलो, कारण पुढं काय होणार हे मला बादलीकडं बघूनच कळलं होतं.

"हा बसणार न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "पेटी माझी, दगड माझा, आन् तुम्ही न्हाई म्हणून राह्यल्या? मंग पेटीचं काय करायचं ते मी बी बघतो." मॅडम मध्ये पडल्या, सिस्टरांना हळूच म्हणाल्या, एकच तर दगड आहे, कोपऱ्यात ठेवू. सिस्टरांनी मान हलवली नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दवाखान्यानं आपणहून बोलावलं होतं, आणि ते एका दगडापायी हातचं जायची वेळ आली होती.

"भाऊसाहेब, इकडं या. वाका."

ते वाकले. बादलीतल्या पाण्यावर तेलाची साय धरली होती आणि तळाशी तांबूस गाळ बसला होता. सिस्टरांनी बाही मागं सारून हात आत घातला, दगड फिरवला आणि त्याच्या खाचेत बोटाचं नख घातलं. नखाला शेंदूर लागला.

"रोज पाणी बदलते. रोज येतंय. वरवरचं गड्यायनी धुतलं. हे आत मुरलंय, तेल आन् शेंदूर, किती वर्साचं कुणाला ठाव. माशायला जहर हाय हे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पर तुमच्यासाठी जहर न्हाई. हा तुमच्या बांधावरचा देव हाय भाऊसाहेब. कोणीतरी आमावश्येच्या आमावश्येला ह्याला हातानं शेंदूर लावलाय."

भाऊसाहेब शिकायला लहानपणीच बाहेर गेलेले; मळा आईनं बघितला. तिच्या माघारी शेंदराची खोळ गळून पडली असेल, आणि जेसीबीला देव कुठले कळायला? त्यांनी गड्याकडं पाहिलं. म्हातारा गडी मान खाली घालून म्हणाला, "म्हातारी जायची जी आमावश्येला, तेलाची वाटी घेऊन. मला वाटलं तो दगड दुसरा."

भाऊसाहेबांनी बादलीत दोन्ही हात घातले, दगड उचलला आणि तसाच ओला छातीशी धरला. पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा डाग पडला. गड्याला देऊ केला नाही. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "पेटी तुमच्या मनानं भरा."

उद्घाटनाला भाऊसाहेब आले. कुणीतरी कौतुकानं हळदीकुंकवाचं ताट घेऊन पेटीच्या पाण्याकडं निघालं, तर सिस्टरांच्या आधी तेच ओरडले, "आत न्हाई! काचेला बाहेरून लावा." नारळ पायरीवर फुटला. मी गर्दीत मागं उभा होतो आणि माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो, त्या आमच्या शेजारी राहतात.

पेटी चालली. लस टोचताना लेकरं रडायची ती रडायचीच, पण आधीची आणि नंतरची रड थांबायची. सिस्टर रोज जाऊन बघून यायच्या. मग गुडघे गेले. रोजचं जाणं आठवड्यावर आलं, मग माझ्या स्कूटरवर, मग तेही नाही. एकटीनं राहायचे दिवस संपले, हे मंगलला आणि आम्हाला कळत होतं, त्यांना पटत नव्हतं. शेवटी मंगल गाडी घेऊन आली. बादल्या रिकाम्या केल्या. सिस्टर घराला कुलूप लावून गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यात दोन मिनिटं थांबव." मग पाठीमागं न बघता, "नवीन पोरी आहेत तितं. पाणी बदलतेत का न्हाई कुणाला ठाव. मी गेल्यावर काय व्हायचं ते होईल, पर आज बघून जाते."

मीही स्कूटरनं मागं गेलो. लसीचा दिवस होता. व्हरांड्यातले बाक आयांनी, आज्यांनी भरलेले. सिस्टर माझा हात धरून पायऱ्या चढल्या, कुणाला राम राम केला नाही, थेट खोलीत जाऊन पेटीसमोर वाकल्या. बराच वेळ झाला. मला वाटलं, रडतायत. मंगलला वाटलं, काहीतरी मेलंय. ती माझ्याकडं बघायला लागली.

सिस्टरांनी बोटानं मला खुणावलं. "इकडं ये. त्या दोन दगडायच्या मधी बघ. आत."

मी डोळा लावला. केदारखेड्याच्या दोन काळ्या दगडांच्या फटीत जिऱ्याएवढं काहीतरी हललं. मग आणखी एक. नुसते डोळे आणि शेपट्या.

"मोली मासळीची पिलं," त्या पुटपुटल्या. "मोठे मासे खाऊन टाकतेत त्यायला. हे फटीत शिरून राह्यले म्हणून वाचले." त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि मग ओरखडा पडेल म्हणून काढून घेतलं. "घाण पाणी आसतं तर एक बी जगलं नसतं."

त्या सरळ उभ्या राहिल्या. माझा हात त्यांनी घेतला नाही. पदर नीट केला आणि गुडघ्यांकडं न बघता दारापर्यंत चालत गेल्या. माझी थोरली मुलगी झाली त्या दिवशी ह्याच व्हरांड्यात मी बसलो होतो, त्यामुळे खोलीतून बाहेर येऊन असं दारात उभं राहणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टर म्हणाल्या,

"मोलीचे नातेवाईक कोण हायेत?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एका म्हातारीनं विचारलं, "कोण मोली गं बाई? कोण्या गावची?"

"हितलीच. नॉर्मल हाय. बाळं-बाळंतीण खुशाल." त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. "हाय का कोणी संगं आलेलं?"

कुणीच उठलं नाही. मी हात वर केला.

"मी हाय, सिस्टर."

"मंग उभा काय ऱ्हाला? जा, पेढे आण."